रायटिंग सेंटरमध्ये ट्यूटर झालात? मग या चुका टाळा

एमएसला अमेरिकेत आलेली आपली पोरं कॅम्पस जॉबसाठी डायनिंग हॉलपासून लायब्ररीपर्यंत सगळीकडे अर्ज टाकतात, पण रायटिंग सेंटरकडे, म्हणजे जिथं विद्यार्थी आपला पेपर घेऊन लिखाणात मदत मागायला येतात तिकडे, फारसं कोणी बघत नाही, का तर म्हणे आपलं इंग्लिश कुठं एवढं भारी. अहो, एफ-१ या स्टुडंट व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम चालतं, त्यात हेही बसतं, आणि तिथं ग्रामरचा मास्तर नकोच असतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये प्रवेश खुले केले तेव्हा लिखाणात कच्ची पोरं खूप आली, ती शिक्षकांनी देऊ केलेल्या मदतीकडे फिरकेनात, पण बरोबरीच्या मुलांकडून शिकायला तयार होती. हे ब्रुकलिन कॉलेजच्या केनेथ ब्रफी यांनी हेरलं आणि पीअर ट्यूटरिंगचा, म्हणजे विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवण्याचा, जोर वाढला. म्हणजे तुम्ही विद्यार्थी आहात हीच तुमची पात्रता.

आता सगळ्यात कॉमन चूक. समोरचा पेपर उघडतो आणि आपण लॅपटॉप स्वतःकडे ओढून पहिल्या ओळीपासून कॉमे लावत सुटतो. सेशन असतं अर्ध्या-पाऊण तासाचं, त्यातली वीस मिनिटं पहिल्याच पानावर जातात आणि मग कळतं की प्रोफेसरनी दोन रिसर्च पेपरची तुलना मागितली होती, याने एकाचाच सारांश लिहिलाय! कॉमे गेले उडत. म्हणून आधी असाइनमेंट शीट मागा, ती दोघांनी मिळून वाचा, मग त्यालाच ड्राफ्ट मोठ्याने वाचायला सांगा, अर्ध्या चुका तो वाचताना स्वतःच अडखळून पकडतो. काहीजण पिठाच्या गिरणीत डबा ठेवून जावं तसं "तू चेक करून ठेव, मी कॉफी घेऊन येतो" म्हणतात, त्यांना बसवून ठेवा. आणि त्याच्या जागी अख्खी वाक्यं तुम्ही लिहू नका, प्रकरण प्लेजरिझमच्या (दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दिल्याच्या) तक्रारीपर्यंत जाऊ शकतं.

याच्या उलटी चूकही तितकीच वाईट, माझ्या मते जास्तच. ट्रेनिंगमध्ये सांगतात की उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. ठीक आहे, पण ज्याच्या भाषेत "द" नावाची भानगडच नाही त्याला "तुला कानाला काय बरोबर वाटतं?" विचारून काय मिळणार, त्याला दोन्ही सारखंच वाटतं! तिथं सरळ सांगा: सर्व्हेचा पहिला उल्लेख आला की "अ सर्व्हे", पुढे त्याच सर्व्हेबद्दल बोलताना "द सर्व्हे". एक जागा करून दाखवा, पुढच्या दोन त्याला शोधू द्या.

आपल्याकडची मुलं आली की अजून एक गोष्ट दिसते, निबंधाची सवय. "आजच्या धकाधकीच्या युगात" छाप सुरुवात, मग इतिहास, आणि खरा मुद्दा शेवटच्या पॅरात. अमेरिकन प्रोफेसरला बहुतेक वेळा तो पहिल्याच पानावर हवा असतो. मुलाला "चुकीचं आहे" म्हणू नका, शेवटचा पॅरा कट करून वर पेस्ट करायला सांगा आणि मग काय काय हलवावं लागतं ते दोघं मिळून बघा, यात मजा येते.

प्रोफेसरला नावं ठेवणं आणि "ए मिळेल बघ" सांगणं, दोन्ही बंद. ग्रेड तुम्ही देत नाही.

समोरचा "हो हो, कळलं" म्हणत मान डोलावतोय? कळलेलं नसतं, संकोच असतो. उठायच्या आधी एक वाक्य त्याच्याच हाताने दुरुस्त करून घ्या. आणि दोघंही मराठी असाल, तो अडकला असेल, तर "तुला नेमकं म्हणायचंय काय?" हे खुशाल मराठीत विचारा, सेंटरमध्ये इतर भाषा चालत नाहीत असा नियम नसेल तर. तो बोलत असताना मुद्दे त्यालाच टिपायला लावा, इंग्रजी वाक्य नंतर जमवता येतं.