खेळायचा कोपरा करताय? आधी अर्धी खेळणी लपवा

लहान मुलासाठी वेगळी खोली वगैरे काही लागत नाही, जिथे तुम्ही जास्त वेळ असता तिथलाच एक कोपरा घ्या, कारण पोरं शेवटी आपल्या पायात येऊनच खेळतात, कितीही सजवून द्या. खाली एक मॅट आणि मुलाच्या हाताला येईल असं बुटकं शेल्फ, बास.

खरी गंमत पुढे आहे. सगळी खेळणी एकदम बाहेर ठेवू नका. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ च्या एका अभ्यासात १६ खेळण्यांऐवजी ४ च समोर ठेवली तेव्हा लहान मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या तऱ्हेने खेळली. म्हणून ५-६ बाहेर, बाकीची बॉक्समध्ये भरून कपाटात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी अदलाबदल करायची, जुनंच खेळणं परत आलं की पोरगं असं खूश होतं जसं काय आत्ताच विकत आणलंय! मोठ्या टोपलीत सगळं कोंबू नका हां, तळातलं काही दिसतच नाही मग सगळंच उपडं होतं.

शेल्फ भिंतीला स्क्रूने पक्कं करा, मुलं त्यावर चढणारच. आणि तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या रोलमधून जे आरपार जातं ते त्याच्या हाती द्यायचं नाही, घशात अडकू शकतं. बटन सेल (घड्याळात असतो तसा छोटा, चपटा, गोल सेल) तर अजिबात नाही, खेळण्याचं बॅटरीचं झाकण स्क्रूवालं आहे ना बघा.