रत्नागिरीत ताजं मासे-जेवण हवंय? आधी माशाचं विचारा, थाळीचं नंतर

मारुती मंदिर, राम आळी, एसटी स्टँडच्या आसपास खाणावळी भरपूर आहेत पण बोर्डावर कायम सुरमई-पापलेटच लिहिलेलं असतं, आणि त्या दिवशी ताजं वेगळंच काहीतरी आलेलं असतं. त्यामुळे पैसे जास्त जातात आणि चवही मिळत नाही.

१. आत गेल्यावर बसायच्या आधीच विचारा, "आज काय ताजं आलंय?" बांगडा, सौंदाळे, मांदेली असं काही सांगितलं तर सरळ तेच घ्या, मिरकरवाडा बंदर इथंच असल्यामुळे हे मासे मस्त मिळतात आणि सुरमईपेक्षा बरेच स्वस्तही पडतात.
२. "साइजप्रमाणे" लिहिलं असेल तर तुकडा दाखवायला सांगा आणि रेट तळायच्या आधी पक्का करा, यात लाजायचं काहीच नाही, इथले लोक पण विचारतात.
३. दुपारी एकच्या आत पोचा. नंतर चांगले तुकडे संपतात.
४. सोलकढी नारळाच्या दुधातली आहे ना तेवढं विचारून घ्या, माझ्या मते खाणावळ पारखायची हीच सगळ्यात सोपी खूण, कारण जो नारळ वाटायला कंटाळत नाही तो कालवणातही हात आखडत नाही.

फक्त १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा मोठा मासा बहुतेक बर्फातलाच समजा. त्या दिवसांत सोड्याची भाजी किंवा सुकटीची चटणी आणि भाकरी मागवा.