राणीघरं मोडण्याआधी अंडी बघा

जांभूळ फुलायला थोडे दिवस उरले की सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, पेट्या नव्याने ठेवलेल्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरं लोंबतायत, मोडू का?" राणीघर म्हणजे नवी राणी वाढवायला माश्या बांधतात ते लांबट घर. मी आधी विचारतो, अंडी दिसली का?

उजेडाकडे पाठ करून पोळ्याची चौकट तिरपी धरा. पोळ्यातल्या घराच्या तळाशी पांढरं, बारीक, उभं अंडं दिसलं, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. ती स्वतः सापडली नाही तरी बिघडत नाही. अंडी नसतील तर बहुधा जुनी राणी थवा घेऊन, म्हणजे बऱ्याच माश्यांसह पेटी सोडून, गेलेली असते. अशा वेळी सगळी राणीघरं खुडलीत की पेटी पोरकी झालीच. नवी राणी घडवायला कोवळ्या अळ्या उरत नाहीत, कामकरी माश्याच अंडी घालू लागतात आणि त्यांतून निघतात निव्वळ नर.

पोळ्याच्या मधोमध एखाद-दुसरंच राणीघर असेल तर माश्या थकलेली राणी बदलतायत. तिथे हात लावू नका.

थवा निघणार असला तरी नुसती मोडतोड करून तो थांबत नाही. माश्या पुन्हा बांधतात आणि त्यांच्या घोळक्याआड एखादं राणीघर नजरेतून सुटतंच. खरं दुखणं दाटीचं. टोकाला बारीक भोक असलेली नरांची घरं वाढू लागली की लगेच मधकोठी (मध साठवायचा वरचा मजला) चढवा, काळी पडलेली जुनी पोळी काढा, पेटी सावलीत आहे ना ते बघा. दाराला राणीजाळी, म्हणजे कामकरी माश्या जातील पण राणी जाणार नाही अशी जाळी, लावायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. नर आत अडकतात आणि नवी राणी मीलनाला बाहेरच पडू शकत नाही.

राणीघरं बंद झाली असतील तर सरळ विभागणी करा. जुनी राणी, पिलाव्याच्या (अंडी, अळ्या, कोष असलेल्या) दोन चौकटी आणि मध-परागाची एक चौकट नव्या पेटीत घाला. वयस्क माश्या जुन्या जागी परततात, म्हणून आणखी एका चौकटीवरच्या माश्या नव्या पेटीत झटका. मात्र राणीघर असलेली चौकट कधीही झटकू नका, आतली अळी निसटते. मूळ पेटीत एकच लांब, सरळ राणीघर राखा. माश्यांनी त्याच्या टोकावरचं मेण खरवडल्यावर तपकिरी कोष उघडा दिसला, की राणी एक-दोन दिवसांत बाहेर येते. त्यानंतर दोन आठवडे पेटी उघडायची नाही. दारातून पराग आत जातोय का, एवढंच बाहेरून बघायचं.