या चुका टाळा: गर्डर भक्कम, पण जोड कच्चा

दुकानात पोटमाळा टाकायचा किंवा गोदामाची शेड उभी करायची ठरली की सगळी चर्चा गर्डरभोवती फिरते. दीडशे मिमी उंचीचा घ्यायचा की दोनशेचा, किलोला भाव काय, माल कुठल्या मिलचा. जोड कसा होणार हे मात्र फॅब्रिकेटरवर सोडून दिलं जातं. माझ्या मते खरा धोका तिथेच असतो, म्हणून आधी जोडाबद्दल.

वेल्डिंग लांबून छान दिसतं, पण ताकद असते ती त्याच्या जाडीत. ६ मिमीच्या फिलेट वेल्डचा, म्हणजे दोन प्लेटच्या कोपऱ्यात भरलेल्या तिकोनी वेल्डचा, कामाचा गळा (प्रत्यक्ष भार घेणारी जाडी) साधारण ४.२ मिमीच भरतो. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साइटवर मारलेल्या अशा १०० मिमी प्रभावी लांबीच्या वेल्डची क्षमता सुमारे ६६ किलोन्यूटन, म्हणजे साडेसहा टनांच्या वर येते. वेल्डरने घाईत ३ मिमीचाच ओढला तर ती थेट निम्मी होते. गेज (वेल्डचं माप घेणारी पट्टी) लावल्याशिवाय हा फरक नजरेला कळत नाही. फिलेट गेज फार महाग नसतं. साइटवर एक तरी हवंच.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे फट बुजवणं. गर्डर आखूड कापला गेला आणि कॉलमपाशी ८-१० मिमी फट राहिली, की त्यात सळईचा तुकडा सरकवून वरून वेल्ड ओढतात. वरचा थर गुळगुळीत येतो, पण आत सळई आणि प्लेट एकजीव झालेलीच नसते. असा जोड दिसला तर वरून वेल्डचा आणखी एक थर मारून काहीही साधत नाही. ग्राइंडरने पूर्ण काढा आणि क्लीट (जोडासाठीचा अँगलचा तुकडा) किंवा एंड प्लेट (गर्डरच्या टोकाला लावायची प्लेट) लावून नव्याने करा. एका प्लेटचा खर्च तो किती!

बोल्टचा जोड असेल तर ग्रेड बघा. एम २० चा ४.६ ग्रेडचा बोल्ट आटे कातर-पातळीत, म्हणजे जोडलेल्या प्लेट जिथे एकमेकींवर सरकू पाहतात तिथे, असताना सुमारे ४५ किलोन्यूटन कातर (आडवा कापणारा भार) घेतो, ८.८ चा त्याच्या दुप्पट. दोन्ही एकाच जाडीचे, दिसायला सारखे. ओळख डोक्यावरच्या आकड्यानेच. ड्रॉइंगमध्ये ८.८ लिहिलंय आणि हार्डवेअरच्या दुकानातून आकडा नसलेले बोल्ट आले, तर ते परत पाठवा. ८.८ चा नट सैल पडू नये म्हणून त्यावर वेल्डचा टॅकही (छोटा टाका) मारू देऊ नका. त्या बोल्टची ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते, वेल्डच्या आचेने ती बिघडते. त्यापेक्षा चेक नट, म्हणजे वरून आवळलेला दुसरा नट, लावा.

भोकं जुळत नाहीत? गॅस कटर हातात घेऊ नका. एम २० साठी भोक २२ मिमीचं. गॅसने ते ३० मिमीचं आणि वेडंवाकडं होतं, काठापासूनचं अंतरही कमी पडतं. थोडाच फरक असेल तर रीमरने (भोक गोल आणि नेमकं मोठं करणाऱ्या हत्याराने) मोठं करून एक साइज वरचा बोल्ट घाला, पण काठाचं अंतर पुन्हा तपासून. फरक जास्त असेल तर क्लीटच नवी करा.

साइटवर सोयीसाठी जोड बदलण्याचा मोह सगळ्यात महागात पडतो. १९८१ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात छताला रॉडने टांगलेले, ये-जा करायचे पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात दोन्ही मजल्यांच्या पुलांतून एकच अखंड रॉड जात होता. बसवायला सोपं म्हणून त्याचे दोन तुकडे केले. मग खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला गेला आणि वरच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला. बीम दोन चॅनेल जोडून केलेला होता. नट त्यातून आरपार ओढला गेला. कागदावर बदल केवढासा! म्हणून ‘साहेब, इथे जरा असं करू का?’ या प्रश्नाला होकार डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरनेच द्यावा, तोही लेखी.

सेक्शनच्या निवडीतली एक चूक शेडमध्ये हमखास दिसते. ५० × ५० × ६ चा अँगल ३ मीटर लांब, मध्ये आधार नाही. ओढ घ्यायला तो चालतो. दाब आला तर मात्र आयएस ८०० च्या १८० या सडपातळपणाच्या (लांबी आणि सेक्शनच्या परिभ्रमण त्रिज्येचं प्रमाण) मर्यादेत तो जेमतेम पावणेदोन मीटरपर्यंतच बसतो. हलक्या पत्र्याच्या छताला वारा खालून उचलतो, तेव्हा ट्रसची (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याची) एरवी ओढ घेणारी खालची कॉर्ड, म्हणजे तळाची आडवी कड, दाबात जाते. अशा उलट्या भारासाठी मर्यादा वेगळी असते, पण वाकण्याची तपासणी सुटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कोकणात शेड बांधणाऱ्याने तरी हा उलटा भार काढायलाच हवा.

कॉलमच्या पायाशी असलेल्या बेस प्लेटखाली नुसत्या पॅकिंगच्या पट्ट्या ठेवून काम संपवू नका, आकुंचन न पावणारा ग्राउट (फटीत ओतायचं सिमेंटचं मिश्रण) पूर्ण भरून घ्या.

आणि रेड ऑक्साईडचा गंजरोधक रंग मारण्याआधी सगळे जोड बघा. स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) झाडून, ब्रश मारून, उजेडात. महत्त्वाच्या जोडांची डाय पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रव लावून बारीक भेगा शोधणं) करून घ्या. फॅब्रिकेटर आदल्या संध्याकाळीच रंग मारून मोकळा झाला असेल, तर त्या जोडांवरचा रंग खरवडून काढायला सांगा.