पेटीच्या गावात पियानो आणि गिटार: सॅम्पलची वाद्यं खरी वाटतील अशी कशी वाजवावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आता घरातल्या एका खोलीत गाणी ध्वनिमुद्रित होतात. गायक पेटीवर आपली पट्टी सांगतो, तबला किंवा ढोलकी प्रत्यक्ष वाजते, आणि पियानो-गिटार कॉम्प्युटरमधून येतात. बऱ्याचदा एकाच ट्रॅकवर मराठी आणि कन्नड अशी दोन्ही गाणी होतात. बेळगावचे पेटीवादक विजापुरे मास्तर, त्यांच्या गावातले कान सुराला पक्के असतात, त्यामुळे खोटी गिटार इथे लगेच पकडली जाते. खरं तर सॅम्पल म्हणजे खऱ्या वाद्याचंच ध्वनिमुद्रण. त्या वाद्यावर माणसाचा हात जे करूच शकत नाही ते आपण त्याच्याकडून करून घेतो, तेव्हा ते खोटं वाटायला लागतं. पुढचं सगळं त्या हाताच्या मर्यादा सांभाळण्याबद्दल आहे.

सुरुवातीला महाग लायब्ररी, म्हणजे अशा सॅम्पलचा संच, घेण्याची गरज नाही. पियानोसाठी सॅलॅमँडर ग्रँड ही मोफत लायब्ररी घ्या. ती यामाहा सी-५ या ग्रँड पियानोवरून घेतलेली आहे आणि सफोर्झांडो या मोफत प्लेअरमध्ये उघडते. तिच्यात दर तिसऱ्या स्वराचं सॅम्पल आहे, म्हणजे ८८ पट्ट्यांसाठी ३० स्वर, आणि प्रत्येक स्वर १६ वेगवेगळ्या जोरांनी वाजवलेला. मधले स्वर जवळच्या सॅम्पलला फार तर एक अर्धस्वर वरखाली करून मिळतात, ते कानाला खटकत नाही. ॲकॉस्टिक गिटारसाठी ॲम्पल गिटार एम लाइट मोफत मिळते, ती मार्टिन डी-४१ वरून केलेली आहे. एवढ्यावर गाणं उभं राहतं.

मोठ्या लायब्ररी इतकी जागा का खातात, तेही समजून घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा स्टीरिओ आवाज सेकंदाला सुमारे २८८ किलोबाइट घेतो. २० सेकंदांचं एक सॅम्पल पावणेसहा मेगाबाइटच्या आसपास जातं. ८८ पट्ट्या गुणिले १६ जोर केले की आठ गिगाबाइट होतात, तेही एकाच माइकच्या जोडीचे. हे सगळं रॅममध्ये मावत नाही. म्हणून प्लेअर प्रत्येक सॅम्पलची सुरुवात रॅममध्ये ठेवतो आणि उरलेलं वाजता वाजता डिस्कवरून ओढतो. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर पेडल दाबून मोठा कॉर्ड वाजवला की तडतड ऐकू येते. सॅम्पल एसएसडीवर ठेवा. वाजवून रेकॉर्ड करताना बफर (आवाज पुढे सोडण्याआधी कॉम्प्युटर साठवतो तो तुकडा) १२८ ठेवा, तो ४८ किलोहर्ट्झवर तीन मिलिसेकंदांपेक्षा कमी भरतो. मिक्स करताना ५१२ किंवा १०२४ करा. यूपीएस घेताना कंजुषी करू नका. वळवाच्या पावसात करंट कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्धवट लिहिलेली प्रोजेक्ट फाइल पुन्हा उघडेलच असं नाही.

आधी पट्टी आणि पेटी

हा टप्पा बरेच जण गाळतात आणि मग शेवटपर्यंत काहीतरी बेसूर लागत राहतं. पुष्कळ पेट्या ४४० हर्ट्झवर लावलेल्या नसतात. फोनमधल्या ट्यूनरसमोर पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजवा. भाता एकसारखा, मध्यम दाबाने चालू द्या, कारण हवेच्या दाबाने सूर थोडा हलतो. ४४२ दाखवलं तर पियानो आणि गिटार दोन्ही ८ सेंटनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर घ्या, ४४४ असेल तर १६ सेंटनी. प्लेअरमध्ये त्यासाठी ट्यूनिंगची खुंटी असते. रेकॉर्ड झालेली पेटी सॉफ्टवेअरने ताणून ४४० वर आणायला जाऊ नका, तिचे पातळ सूर त्यात फाटतात.

पियानोला कुठलीही पट्टी चालते. गिटारचं तसं नाही. काळी एकच्या गाण्यात खरा गिटारवादक चौथ्या घरावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून एचा आकार, म्हणजे ए कॉर्डची बोटांची मांडणी, धरेल, किंवा पहिल्या घरावर लावून सीचा. काळी दोनला तिसऱ्या घरावर कॅपो आणि सीचा आकार, काळी तीनला दुसऱ्या घरावर आणि ईचा, काळी चारला चौथ्यावर आणि ईचा किंवा पहिल्यावर आणि जीचा, काळी पाचला तिसऱ्यावर आणि जीचा. तुमच्या गिटार प्लगइनमध्ये कॅपोची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर आकार मोकळ्या पट्टीत लिहा आणि सगळे स्वर तेवढ्या अर्धस्वरांनी वर सरकवा. खाली मात्र सरकवू नका. गिटारची सर्वांत खालची मोकळी तार मिडीमध्ये (कॉम्प्युटरला कुठला सूर किती जोरात वाजवायचा ते आकड्यांत सांगणारी भाषा) ४० क्रमांकाची आहे. ३९ वर एकतर शांतता असते किंवा वाजवण्याची पद्धत बदलणारी की असते. मग मध्येच तारा दाबल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि कारण सापडत नाही.

पियानो

पहिल्यांदा कीबोर्ड आणि लायब्ररी यांचं जुळवा. पाच स्वर हळू, पाच मध्यम, पाच जोरात वाजवा आणि आलेले व्हेलॉसिटीचे, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचे, आकडे बघा. मध्यम वाजवल्यावर आकडे ५५ ते ८० मध्ये यायला हवेत. हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर सगळं शंभराच्या पुढे जातं, आणि मग १६ थरांपैकी वरचे दोन-तीनच वाजतात. पियानो कर्कश आहे अशी तक्रार असते तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं. व्हेलॉसिटी कर्व्ह बदला, इक्वलायझरला नंतर हात लावा.

भावगीताच्या साथीत ४५ ते ७५ एवढाच पल्ला पुरतो. कॉर्डमधला सर्वांत वरचा स्वर बाकीच्यांपेक्षा १० ते १५ ने जास्त ठेवा, कारण चाल तिथे ऐकू येते. सगळे स्वर एका रेषेत आणू नका. क्वांटाइझ, म्हणजे सूर आपोआप मात्रेच्या रेषेवर ओढणं, करायचंच असेल तर ५० टक्क्यांवर थांबा. कॉर्डचे स्वर ५ ते १५ मिलिसेकंद मागेपुढे असले की दोन हात असल्यासारखे वाटतात.

पेडलवर सर्वांत जास्त वेळ द्या. चांगला वादक नवा कॉर्ड वाजतो त्या क्षणी पेडल सोडतो आणि त्यानंतर पुन्हा दाबतो. माउसने पेडल काढताना लोक मात्रेच्या आधीच ते पुन्हा खाली आणतात, मग जुना कॉर्ड नव्यात मिसळतो आणि चिखल होतो. पेडल-बंद बरोबर मात्रेवर ठेवा आणि पेडल-चालू त्यानंतर ५० ते १५० मिलिसेकंदांनी. साधं स्विचचं पेडल फक्त ० किंवा १२७ पाठवतं. अर्धं पेडल हवं असेल तर सलग किंमत पाठवणारं पेडल लागतं आणि लायब्ररीलाही ते कळावं लागतं. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असतील, तर कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, पाय न लावता कीबोर्ड चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा ठरवतात.

लांब पेडलमध्ये जुने सूर अचानक तुटत असतील तर पॉलिफनी (एका वेळी किती सूर वाजू शकतात ती मर्यादा) वाढवा, १२८ किंवा त्याहून जास्त. वरच्या दीडेक सप्तकाला खऱ्या पियानोतही डँपर (तार थांबवणाऱ्या गाद्या) नसतात, त्यामुळे तिथले सूर पट्टी सोडल्यावरही वाजत राहतात. तो दोष समजून कापू नका.

गिटार

इथे सर्वांत जास्त बिघडतं, म्हणून थोडं सविस्तर. पियानोवर सहज पडणारा सी-ई-जी हा जवळजवळचा कॉर्ड मोकळ्या गिटारवर सहसा तेवढाच वाजत नाही. गिटारचा सी म्हणजे पाच तारा, मिडीचे क्रमांक ४८, ५२, ५५, ६०, ६४. जी म्हणजे ४३, ४७, ५०, ५५, ५९, ६७. ए मायनर ४५, ५२, ५७, ६०, ६४. ई मायनर ४०, ४७, ५२, ५५, ५९, ६४. डी ५०, ५७, ६२, ६६. एफ, तर्जनी आडवी धरून, ४१, ४८, ५३, ५७, ६०, ६५. हे आकडे कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा. सप्तकांची नावं सॉफ्टवेअरगणिक बदलतात, एकाचा सी-३ तो दुसऱ्याचा सी-४ असतो. आकडे मात्र तेच राहतात.

खालच्या दिशेचा स्ट्रोक जाड तारेपासून सुरू होतो. मध्यम लयीत दोन तारांमध्ये ५ ते ७ मिलिसेकंद ठेवा, संथ गाण्यात १० ते १५. कानाला मात्रा बारीक तारांवर जाणवते, म्हणून स्ट्रोकची सुरुवात मात्रेच्या १० ते १५ मिलिसेकंद आधी करा. नाहीतर गिटार तबल्याच्या मागे पडल्यासारखी वाटते. वरच्या दिशेचा स्ट्रोक फक्त बारीक तीन-चार तारांवर द्या, उलट्या क्रमाने, आणि व्हेलॉसिटी १५-२० ने कमी.

हात लोलकासारखा सतत वरखाली होत असतो. तार वाजो न वाजो, तो थांबत नाही. केरव्याच्या आठ मात्रांत विषम मात्रांवर हात खाली जातो आणि सम मात्रांवर, म्हणजे २, ४, ६, ८ ला, वर येतो. १ खाली, ३ खाली, ४ वर, ६ वर, ७ खाली, ८ वर असा ठोका बसवा. पाचव्या मात्रेला हात हवेतून जातो, आणि तिथेच केरव्याची ‘खाली’, म्हणजे तालातली मोकळी मात्रा, आहे. तबला मोकळा होतो तिथे गिटारही मोकळी राहते, म्हणून हा ठोका आपल्या गाण्यांना इतका छान बसतो. दादऱ्यात १ खाली, ३ खाली, ४ वर, ५ खाली, ६ वर. चौथ्या मात्रेला, म्हणजे दादऱ्याच्या ‘खाली’ला, हलका वरचा स्ट्रोक पडतो. तिथे जोराचा खालचा स्ट्रोक दिलात तर दादरा वॉल्ट्झसारखा वाटायला लागतो.

कॉर्ड बदलताना बोटं उचलावी लागतात. दाबलेल्या तारांचे स्वर नव्या कॉर्डच्या ३० ते ६० मिलिसेकंद आधी संपवा. मोकळ्या तारा चालू राहिल्या तरी चालतात. बोटं घासल्याचा आवाज प्रत्येक बदलाला टाकू नका, एका कडव्यात दोन-तीनदा पुरे. एका तारेवर एका वेळी एकच सूर, हा नियम प्लगइन आपोआप पाळतं की नाही ते तपासा. नसेल तर नको असलेले स्वर तुम्हालाच कापावे लागतील.

चालीच्या तुकड्यात मींड हवी असेल तर स्लाइड (बोट तारेवर सरकवणं) किंवा हॅमर-ऑन (बोट तारेवर आपटून पुढचा सूर काढणं) वापरा. बऱ्याच गिटार लायब्ररींत एक सूर संपायच्या आत दुसरा सुरू झाला की ते आपोआप लागतात. नोटा एकमेकींवर थोड्या चढवून बघा. पिच बेंडने ओढायचं असेल तर दोन अर्धस्वरांच्या आत राहा, त्यापुढे तार ओढल्यासारखी वाटत नाही.

एकच सूर भरभर वाजवल्यावर मशीन चालल्यासारखं वाटलं तर लायब्ररीत राउंड रॉबिन (एकाच सुराची आलटून-पालटून वाजणारी सॅम्पल) कमी आहेत किंवा बंद आहेत. म्हणजे दर वेळी तेच सॅम्पल येतंय. चालू करा, आणि व्हेलॉसिटीही प्रत्येक सुराला ४-६ ने हलवा. डाव्या-उजव्या दोन गिटारींसाठी तोच मिडी ट्रॅक कॉपी करू नका. तीच सॅम्पल दोन्हीकडे वाजली की आवाज पसरत नाही, मध्येच गोळा होतो. दुसरा ट्रॅक वेगळ्या कॅपोने आणि वेगळ्या आकाराने पुन्हा वाजवा. काळी चारच्या गाण्यात एक बाजू ईच्या आकारात, दुसरी जीच्या आकारात, की खरोखर दोन माणसं बसल्यासारखी वाटतात.

इलेक्ट्रिक गिटारची सॅम्पल बहुधा कोरडी असतात, थेट वायरीतून घेतलेली. त्यांना अँप आणि स्पीकर कॅबिनेट दोन्ही लावावं लागतं. अँपसाठी न्यूरल अँप मॉडेलर हे प्लगइन मोफत आहे. कॅबिनेटचा इम्पल्स (स्पीकरच्या आवाजाचा नमुना असलेली फाइल) विसरलात तर माशी घोंगावल्यासारखा चरचरीत आवाज येतो. गेन जेवढा हवासा वाटतो त्याच्या निम्मा ठेवा.

मिक्स

पियानो लायब्ररीचा स्वतःचा रिव्हर्ब बंद करा. गिटारचाही. सगळ्यांना एकच रिव्हर्ब द्या, दीड सेकंदाच्या आसपास, २० ते ३० मिलिसेकंद प्री-डिलेसह (मूळ आवाज आणि रिव्हर्ब यांच्यातलं अंतर). मग सगळे एका खोलीत बसलेले वाटतात. पियानोचा स्टीरिओ पसारा निम्म्यावर आणा, नाहीतर त्याचा खर्ज पूर्ण डावीकडे आणि वरचे सूर पूर्ण उजवीकडे पसरतात आणि गायकाला मधली जागा राहत नाही. १०० हर्ट्झच्या खालचा पियानो कापा, तो भाग डग्ग्याचा. २०० ते ४०० मध्ये पियानो, गिटार आणि पेटी तिघं एकमेकांवर चढतात. पेटी प्रत्यक्ष वाजवलेली असेल तर तिथे तिला पुढे ठेवा आणि बाकी दोघांना दोन-तीन डेसिबल खाली घ्या. गाणं एकदा मोनोमध्येही ऐका, कारण मंडळाच्या स्पीकरवर आणि फोनवर ते बरेचदा तसंच वाजणार आहे.

सगळं जमलं की पियानो आणि प्रत्येक गिटार वेगळ्या २४ बिट वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, सर्व फाइली गाण्याच्या शून्यापासून सुरू होणाऱ्या. फाइलच्या नावात पट्टी, लय आणि पेटीचा हर्ट्झ लिहा, उदाहरणार्थ काळी-चार, ९६, ४४२. पुढच्या महिन्यात कन्नड आवाज घ्यायला गायक आला आणि तोवर प्लगइनची आवृत्ती बदललेली असली, तरी ट्रॅक जसाच्या तसा उघडेल.