ऑफ-रोड प्रवासानंतर गाडीची तपासणी आणि देखभाल कशी करावी

चिखल, वाळू, दगडगोटे आणि पाण्यातून जाऊन आलेल्या गाडीत काही बिघडले असले, तरी ते बहुधा त्याच दिवशी कळत नाही. डिफरन्शियलमध्ये (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीत) शिरलेले पाणी किंवा अॅक्सलच्या जॉइंटवरील फाटक्या रबरी बुटातून (आवरणातून) आत गेलेली वाळू आपले काम हळूहळू करत राहते आणि आवाज येऊ लागतो, तेव्हा बेअरिंग किंवा जॉइंट बदलण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ही तपासणी परतल्यावर लगेच, फार तर दुसऱ्या दिवशी करावी. पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ती लांबवू नये.

पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी

वाळूसाठी किंवा खडकांसाठी टायरमधली हवा कमी केली असेल, तर वेग घेण्याआधी ती पूर्ववत भरावी. कमी हवेचा टायर वेगात सतत दबतो, त्याची साइडवॉल (बाजूची भिंत) तापते आणि तो फुटण्याचा धोका वाढतो. ज्या गाडीत फोर-व्हील ड्राइव्ह हवे तेव्हाच जोडले जाते, तिचा लीव्हर टू-व्हीलवर आणावा. अशा गाड्यांत पुढच्या व मागच्या अॅक्सलच्या (चाके जोडणाऱ्या दांड्यांच्या) दरम्यान डिफरन्शियल नसल्यामुळे कोरड्या, घट्ट रस्त्यावर वळताना साऱ्या यंत्रणेवर ताण येतो. ब्रेक ओले असतील, तर मागे वाहन नाही हे पाहून संथ वेगात ते काही वेळा हलकेच दाबावेत.

गवताळ भागातून आला असाल, तर थांबल्यावर सायलेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) यांच्याभोवती वाळके गवत अडकले आहे का, हे आवर्जून पाहावे. हे भाग इतके तापतात की गवत पेट घेऊ शकते. अडकलेले गवत हाताने ओढू नये, काठीने काढावे.

धुण्याआधी नीट पाहा

घरी आल्यावर पहिला पाण्याचा पाइप हातात घेण्याची सवय मोडावी, असे माझे ठाम मत आहे. वाळलेल्या धुळीवर तेलाची ताजी गळती ओलसर काळ्या डागासारखी उठून दिसते. तीच गळती धुतल्यावर दिसेनाशी होते. गाडी सपाट जागी उभी करून, हॅण्डब्रेक लावून, चाकांना ठोकळे लावून बॅटरीच्या उजेडात इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि शॉक अॅब्सॉर्बर पाहून घ्यावेत. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला, तर कुठून काय ठिबकले हे सकाळी कळते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नये. चेसिसखाली मजबूत स्टँड लावलेलेच असावेत.

धुताना

सुकलेला चिखल आधी भिजवून मऊ होऊ द्यावा. चेसिसच्या पोकळ भागांना पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती चिखलाने बुजली, की ओल आतच राहते आणि गंज बाहेरून दिसण्याच्या कितीतरी आधी आतून सुरू होतो. म्हणून त्या भोकांतून स्वच्छ पाणी बाहेर पडेपर्यंत पाणी मारत राहावे. इंजिनाखालचा संरक्षक पत्रा काढूनच धुवावा, कारण त्यावर साचलेला गाळ वरून धुऊन निघत नाही. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला चिखलही खरवडून काढावा. वेगात स्टीअरिंग थरथरू लागले, की अलाइनमेंट बिघडल्याचा संशय येतो, पण कारण पुष्कळदा हा चिखलच असतो.

रेडिएटरच्या जाळीवर इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या धारेने पाणी सोडावे, म्हणजे अडकलेला कचरा आला त्या वाटेने बाहेर पडतो. जोरदार धारेने तिथल्या नाजूक पात्या वाकतात. ऑइल सील, अल्टरनेटर आणि विजेचे कनेक्टर यांवरही जोराची धार मारू नये. गाडी समुद्राच्या पाण्यातून किंवा ओल्या वाळूतून गेली असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी. धुतल्यावर थोडे चालवून ब्रेक सुकवावेत. ओल्या ब्रेकवर हॅण्डब्रेक ओढून गाडी बरेच दिवस उभी ठेवल्यास तो चिकटून बसतो.

तेलांची तपासणी

ओढा किंवा नदी ओलांडली असेल, तर हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. चालून तापलेले डिफरन्शियल अचानक थंड पाण्यात बुडते, तेव्हा आतली हवा आकसते आणि कमी झालेल्या दाबामुळे बाहेरचे पाणी ब्रीदरमधून (आतल्या हवेच्या ये-जा करण्याच्या नळीतून) किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून आत ओढले जाते. त्यासाठी पाणी गाडीत शिरण्याइतके खोल असण्याची गरज नसते. अॅक्सल बुडला तरी पुरे.

गाडी काही तास उभी ठेवावी, म्हणजे आत मोकळे पाणी असल्यास ते तळाशी बसते. मग आधी तेल भरण्याचा वरचा बोल्ट सैल होतो याची खात्री करावी, कारण खालून तेल सोडल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. त्यानंतर खालचा बोल्ट सावकाश ढिला करावा. आधी पाण्याचे थेंब आले, किंवा तेल दुधाळ, राखाडी, फेसाळ दिसले, तर ते सगळे बदलावे. तेल फारच दुधाळ असेल, तर नवे तेल भरून थोडे अंतर चालवल्यावर ते पुन्हा एकदा बदलणे शहाणपणाचे. हीच तपासणी गिअरबॉक्स व ट्रान्स्फर केसचीही (पुढच्या-मागच्या अॅक्सलला शक्ती वाटणाऱ्या पेटीचीही) करावी आणि इंजिन ऑइल डिपस्टिकवर पाहावे. ब्रीदरच्या नळ्या चिखलाने बुजल्या नाहीत ना, हे तपासायला विसरू नये.

एअर फिल्टर उघडून कागद ओला आहे का आणि फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडच्या बाजूला धूळ पोचली आहे का, हे पाहावे. तिथे धूळ असेल, तर फिल्टर नीट बसलेला नाही. इंजिन पाण्यात असताना बंद पडले असेल, तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. अशी गाडी ओढूनच न्यावी.

चाके, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन

टायरची साइडवॉल बाहेरून सगळेच पाहतात, पण आतल्या बाजूचे काप नजरेतून सुटतात. स्टीअरिंग पूर्ण वळवून ती बाजूही पाहावी. उचललेले चाक वर-खाली धरून हलवल्यास व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंटचा, तर डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडचा ढिलेपणा हाताला जाणवतो.

अॅक्सलच्या टोकाचे रबरी बूट तपासताना त्यांच्या घड्या बोटांनी उघडून पाहाव्यात. चीर बहुधा घडीच्या तळाशी असते आणि आसपास उडालेले ग्रीस ही तिची पहिली खूण असते. ब्रेकच्या नळ्या, एबीएस सेन्सरच्या वायरी, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पात्यांतील तडे आणि त्यांचे यू-बोल्ट पाहावेत. ब्रेक डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकलेला बारीक खडा सतत कर्कश आवाज करतो, तो काढावा. ग्रीस निपल (ग्रीस भरण्याचे छोटे तोंड) असलेल्या जॉइंटमध्ये जुने मळके ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस भरावे.

विंचचा (अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राचा) दोर वापरला असेल, तर तो पूर्ण उलगडून धुवावा, सुकवावा आणि ताण देऊन पुन्हा गुंडाळावा. गाडीत पाणी शिरले असल्यास कार्पेट उचलून खालची जागाही सुकवावी. पत्रा उघडा पडलेल्या ओरखड्यांवर प्रायमर व रंग लावावा.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर संथ वेगात गाडी चालवून आवाज, थरथर आणि ब्रेक लावताना एका बाजूला होणारी ओढ यांकडे लक्ष द्यावे. चाके काढून पुन्हा बसवली असतील, तर साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर नट पुन्हा तपासावेत. डिफरन्शियलचे तेल पहिल्यांदा स्वच्छ दिसले, तरी आठवडाभराच्या वापरानंतर त्याचा रंग आणखी एकदा पाहावा, कारण आत राहिलेले थोडेसे पाणी गिअर फिरून तेलात मिसळल्यावरच दिसू लागते.