निरोगी गरोदरपणातील हृदयाचे बदल इमेजिंगने कसे अभ्यासावेत

गरोदरपणात हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त साधारणपणे 30 ते 50 टक्क्यांनी वाढते आणि ही वाढ पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. म्हणून पहिली नोंद बाराव्या आठवड्यात घेऊन तिलाच 'मूळ स्थिती' मानले, तर बदलाचा मोठा भाग आधीच निसटलेला असतो. शक्य असेल तेथे गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रियांची तपासणी गर्भधारणेपूर्वीच करावी, पुढे प्रत्येक तिमाहीत त्याच स्त्रियांची पुन्हा करावी, आणि प्रसूतीनंतरही काही महिने पाठपुरावा करावा. निरनिराळ्या स्त्रियांच्या सरासरींची तुलना करण्यापेक्षा एकाच स्त्रीतील बदल पाहणे कितीतरी विश्वासार्ह ठरते.

मुख्य साधन इकोकार्डिओग्राफी (ध्वनिलहरींनी हृदयाची प्रतिमा काढणे) असावे, कारण तीत किरणोत्सर्ग नसतो आणि ती वारंवार करता येते. निलयांचे (हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे) आकारमान व वस्तुमान अधिक नेमके हवे असल्यास एमआरआयची जोड द्यावी. मात्र गॅडोलिनियम (एमआरआयची प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी शिरेतून देतात ते द्रव्य) वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भापर्यंत पोहोचत असल्याने केवळ अभ्यासासाठी ते कधीही देऊ नये.

सर्वाधिक काळजी तपासणीवेळी झोपण्याच्या स्थितीची घ्यावी. साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणे झोपल्यास गर्भाशयाचा दाब अधोमहाशिरेवर (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर) पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि हृदयाचे कार्य आहे त्याहून कमी दिसते. म्हणून पहिल्या तपासणीपासून अखेरपर्यंत प्रत्येक वेळी डाव्या कुशीवरच, काही मिनिटांच्या विश्रांतीनंतर, मोजमाप घ्यावे आणि त्याच वेळचा रक्तदाब व नाडी लिहून ठेवावी. एमआरआयमध्येही उताणे झोपवण्याचा मोह टाळावा.

डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजून) रक्तप्रवाह काढताना डाव्या निलयाच्या निर्गममार्गाचा (रक्त बाहेर पडण्याच्या वाटेचा) व्यास अत्यंत जपून मोजावा. सूत्रात त्याचा वर्ग होत असल्याने 20 मिलिमीटरऐवजी 19 मिलिमीटर नोंदले गेले, तरी उत्तर सुमारे 10 टक्क्यांनी घसरते, आणि आपण शोधत असलेला बदल एवढ्याने सहज झाकला जाऊ शकतो. मोजणाऱ्याला शक्यतो गरोदरपणाचा आठवडा कळू देऊ नये, आणि काही प्रतिमा दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मोजून घ्याव्यात.

डाव्या निलयाचे वस्तुमान व डाव्या अलिंदाचा (वरच्या कप्प्याचा) आकार वाढलेला दिसेल, इजेक्शन फ्रॅक्शनमध्ये (प्रत्येक ठोक्याला निलयातील किती टक्के रक्त बाहेर पडते त्यात) मात्र सहसा फारसा फरक पडत नाही. झडपांमधून किंचित गळती किंवा हृदयावरणात थोडे पाणी आढळणेही निरोगी गरोदरपणात असामान्य नाही. आकडे शरीराच्या पृष्ठफळाने भागताना त्यात बाळाचे व पाण्याचे वजनही मिसळते, हे ध्यानात ठेवून मूळ आकडेही सोबत द्यावेत. अभ्यासात अनपेक्षित दोष आढळल्यास त्या स्त्रीला कोणी, केव्हा सांगायचे आणि पुढील तपासणी कोठे करायची, हे पहिली सहभागी येण्याआधीच ठरलेले असावे.